‘धू’ कमांडने विचारणं सोडलं तो दिवस

निवृत्त झाले तरी काटोलच्या बाजूने फोन आला की मी लगेच बोलत नाही. समोरचा माणूस सहज बोलतोय की धापा टाकतोय हे आधी ऐकते, मगच ‘बोला’ म्हणते. घरातले हसतात. नवरा म्हणतो, “तू कॉम्प्युटरवर काम करत होतीस, दारूगोळ्याच्या कारखान्यात थोडीच होतीस.” मी त्याला समजवायला जात नाही. आमच्या धंद्याबद्दल बहुतेकांची समजूत अशीच असते, की गार हवेत बसून बटणं दाबायची आणि चुकलं तर पुन्हा दाबायची.

नागपुरात आमची छोटी कंपनी होती. आजूबाजूच्या कारखान्यांना लागणारे प्रोग्राम आम्ही लिहून द्यायचो. मोबाइलवरची रंगीत ॲपं नव्हेत. आमचे प्रोग्राम दिसायला अगदी दरिद्री, काळी खिडकी आणि त्यात पांढरी अक्षरं. ऑपरेटरने एक ओळ टाईप करायची, एंटर मारायचा, की तिकडे पंप सुरू. त्या ओळीला कमांड म्हणतात. पायथन नावाची भाषा आहे, तिच्यात हे सगळं लिहायचं. लिहायला सोपी, वाचायला त्याहून सोपी, म्हणून माणूस गाफील राहतो असं माझं मत आहे. माझे सहकारी हे मत हसण्यावारी न्यायचे.

सुरुवातीला गिऱ्हाईकं फार तऱ्हेवाईक मिळाली. बुटीबोरीच्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या मालकांना ‘बंद’ ही कमांडच नको होती. कारखान्यात ‘बंद’ शब्द उच्चारला तर अपशकुन होतो म्हणाले. मी विचारलं, “मग मशीन थांबवायचं कसं?” ते म्हणाले, “थांबवा ना, पण बंद नका करू.” शेवटी ‘आराम’ अशी कमांड ठेवली. बिहारकडून आलेली पोरं तिथे दिवसभर यंत्रांना आराम देत असत. याच कारखान्यात मला पहिला दणकाही बसला. तिथे रंगाची दोन खाती होती आणि मी दोन्हींसाठी त्याच त्या कमांडा दोनदा लिहिल्या होत्या. एकीतली चूक सुधारली, दुसरीतली राहून गेली, आणि लाल निघायचं कापड विटकरी निघालं. मालकांनी मला ते कापड हातात धरायला लावलं.

तेव्हापासून मी कमांड एकदाच लिहायची आणि जिथे लागेल तिथे वाटून द्यायची असं ठरवलं. कमांडांचे गट करतात. समजा, एका गटाचं नाव ‘संत्रा’, दुसऱ्याचं ‘मोसंबी’. दोन्ही गटांत ‘भर’ पाहिजे, ‘रिकामी’ पाहिजे, ‘धू’ पाहिजे. तर ‘धू’ एकदाच लिहायची आणि दोन्ही गटांत अडकवायची. बाहेरच्या माणसाला मी हे कामवाल्या बाईचं उदाहरण देऊन सांगते. एकच बाई तीन घरी भांडी घासते. ज्या घरात शिरली त्या घरची भांडी घासते, दुसरीकडची घासत नाही, कारण आपण कोणाच्या दारातून आत आलो हे तिला ठाऊक असतं. आमच्या कमांडलाही ते ठाऊक असतं. पण तुम्ही एका घरात तिला सांगितलंत, “बाई, उरलेलं टाकताना मला विचारत बसू नका,” आणि ती बाकीच्या दोन घरांतही विचारायची थांबली, तर? बाई हुशार असते, तसं करत नाही. कमांड तसंच करते, कारण तिन्ही घरांत ती एकच आहे आणि तिला एकच डोकं आहे.

काटोलजवळ संत्र्याचा रस काढणारा एक प्लँट होता. त्याच्यासाठी केलेल्या प्रोग्राममध्ये तीन गट होते, संत्रा, मोसंबी आणि सराव. पहिले दोन खरे. तिसऱ्यात नवीन ऑपरेटरांनी हात बसवायचा, त्यात काहीही टाईप केलं तरी प्रत्यक्षात कुठलाही पंप हलत नसे. ‘धू’ तिन्ही गटांत अडकवलेली होती. ती दिली की टाकीच्या वरच्या फवाऱ्यातून कॉस्टिक सोड्याचं उकळतं पाणी सुटायचं. रसाच्या टाक्या त्यानेच स्वच्छ होतात. त्या पाण्याचा थेंब हातावर पडला तर चामडी सोलून निघते. म्हणून ‘धू’ लगेच सुरू होत नसे. खिडकीत प्रश्न यायचा, ‘टाकी तीन. धुणे सुरू करायचे?’ आणि ऑपरेटरने ‘ह’ दाबल्यावरच पाणी सुटायचं.

आता टाकीत माणूस काहून शिरतो, असं कोणी विचारेल. रस काढला की गर टाकीच्या तळाला आणि कडांना चिकटतो आणि उन्हाळा लागला की वाळून पापडासारखा होतो. फवाऱ्याने तो सुटत नाही. आधी माणसाला आत उतरून खरवडावा लागतो. हे काम प्रल्हाद करायचा. नरखेडकडच्या एका खेड्यातला, किडकिडीत, अंगाने लहान म्हणून झाकणातून सहज आत जाणारा. त्याला दोन मुली होत्या एवढं मला माहीत होतं, कारण एकदा त्याने मला त्यांच्या शाळेतल्या कॉम्प्युटरविषयी विचारलं होतं. झाकण उघडं असलं की पाणी सुटू नये म्हणून तिथे एक स्विच होता, पण रसाच्या चिकटीने तो सारखा अडकायचा. प्लँटवाल्यांनी तो तारेने बांधून टाकला होता. मी तो बांधलेला पाहिला होता, मॅनेजरना बोललेही होते. ते म्हणाले, “सीझन संपला की करतो, मॅडम.”

पॅनलरूममध्ये, म्हणजे जिथून पंप चालवायचे त्या खोलीत, बसायचे नारनवरेभाऊ. पन्नाशीचे, आधी एका सूतगिरणीत होते, कीबोर्डवर एकेक अक्षर शोधून एका बोटाने टाईप करायचे. एकदा मी त्यांच्या शेजारी बसून पाहत होते. त्यांनी ‘संत्रा धू ३’ टाईप केलं, एंटर मारला, खिडकीत प्रश्न आला, आणि हे उठून चालू लागले. मी मागोमाग गेले. त्यांनी तिसऱ्या टाकीवर पान्ह्याने दोनदा ठोकलं आणि हाक दिली, “प्रल्हाद, हायेस का गा अंदर?” आतून काही आलं नाही. त्यांनी झाकणातून डोकावलं, परत येऊन खुर्चीत बसले आणि ‘ह’ दाबला.

मी म्हटलं, “भाऊ, आधी पाहून यायचं आणि मग टाईप करायचं ना.”

ते म्हणाले, “मले टाईप कराले टाइम लागते, मॅडम. आधी पाहून आलो अन् इथं एबीसीडी धुंडत बसलो, तर तेवढ्यात एखादा शिरते अंदर. हे कसं, सारं तयार करून ठेवलं, पाहून आलो, अन् एक बोट दाबलं.”

मला ते पटलं. प्रश्न आहे तोवर काही बिघडत नव्हतं. प्रश्न जाणार कुठे?

त्या वर्षी मृगाच्या बहाराची संत्री आली होती, प्लँट जोरात चालू होता आणि ऊन तापायला लागलं होतं. मी आणि निखिल आमच्या ऑफिसात डबे उघडून बसलो होतो. निखिल माझ्या हाताखाली बरीच वर्षं काम केलेला, तिशी ओलांडलेला, डोक्याने तल्लख आणि मनाने चांगला. भाकरी मोडता मोडता म्हणाला, “काटोलवाल्यांचं ते सरावाचं करून टाकलं मी. मॅनेजर वैतागून राहिले होते. नवीन लोकं सरावात दर वेळी न वाचता ‘ह’ दाबतात, तीच सवय लागते. मग खऱ्यामध्येपण न वाचता दाबतील. म्हणून सरावातला प्रश्न काढून टाकला.”

त्याचं कारण अगदी बरोबर होतं. मी मान डोलावली आणि विचारलं, “कसा काढला?”

“सरावातून ‘धू’ उचलली, अन् तिचा प्रश्न बंद केला. एकच ओळ आहे.”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी म्हटलं, “निखिल, सरावातली ‘धू’ वेगळी आहे का?”

 त्याचा चेहरा बदलताना मला दिसला. मी उष्ट्या हातानेच माझ्या मशीनवर प्रोग्राम उघडला आणि ‘संत्रा धू ३’ टाईप केलं. माझं मशीन कुठल्या टाकीला जोडलेलं नव्हतं, त्यामुळे धोका काही नव्हता. एंटर दाबला. खिडकीत ओळ आली, ‘टाकी तीन. धुणे सुरू झाले.’ मध्ये काहीच नाही. आम्ही रोज चाचण्या चालवायचो, त्या सगळ्या पास झाल्या होत्या. पाणी बरोबर टाकीत जातं का, बरोबर वेळ चालतं का, हे त्या तपासायच्या. विचारलं की नाही हे त्यांना तपासायला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

“कधी पाठवलंस?”

“काल संध्याकाळी. आज सकाळी त्यांच्या मशीनने उचललं असेल.”

प्लँटचं मशीन सकाळी सुरू होताना आमच्याकडून नवीन प्रत घ्यायचं आणि मग दिवसभर कोणाचं ऐकायचं नाही. ही व्यवस्था मीच आग्रहाने केली होती. चालत्या कारखान्यात नागपुरात बसून कोणी हात घालू नये, असं माझं म्हणणं होतं. आता नागपुरात बसून मला हात घालता येत नव्हता. टाक्या धुतात जेवणाच्या सुट्टीनंतर. घड्याळाकडे पाहायची गरज नव्हती, आमचेच डबे समोर उघडे होते.

मी पॅनलरूमचा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. फोन वाजतोय आणि नारनवरेभाऊ खुर्चीत नाहीत, याचा अर्थ काय हे मला चांगलं माहीत होतं. ते टाईप करून उठले असतील आणि पान्हा घेऊन टाकीकडे चालत असतील. आणि त्यांच्या पाठीमागे आज प्रश्न थांबलेला नसेल. मोबाइल प्लँटमध्ये आत नेऊ देत नाहीत, गेटवरच्या पेटीत ठेवून जावे लागतात. मॅनेजरांचा लागला नाही. मी गेटवर लावला.

चौकीदाराने उचलला. मी म्हटलं, “पळत जा आणि नारनवरेभाऊंना सांगा, धुणं करू नका. टाकी धुऊ नका म्हणावं.”

“कोण बोलून राहिलं?”

मी नाव सांगितलं. तो म्हणाला, “हाव मॅडम, जातो,” आणि मग थांबला. त्याचा आवाज तोंडापासून लांब गेला. “मॅडम, अंदर काईतरी झालं वाटते. सारे टाकीकडं पळून राहिले.”

त्याने फोन टेबलावर टाकला असावा. मला ट्रकचा आवाज ऐकू येत होता, कोणाचं तरी ओरडणं येत होतं, शब्द कळत नव्हते. मी “हॅलो, हॅलो” करत राहिले. मग फोन कट झाला आणि त्यानंतर कोणीच उचलला नाही.

निखिलची गाडी खाली होती. डबे तसेच उघडे ठेवून आम्ही निघालो.  मी सारखा फोन लावत होते आणि प्रत्येक वेळी रिंग वाजायला लागली की तो कोणी उचलू नये असंही वाटत होतं, कारण उचलला तर कळेल. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. माझ्या बाळंतपणात नाही, वडील गेले तेव्हा नाही. डोळ्यांपुढे त्या टाकीचं झाकण येत होतं, जेमतेम खांद्यांएवढं रुंद, आणि आतला माणूस वर चढायला बघतोय. शिडी आत नेत नाहीत, वरून दोर धरून उतरतात, हे आठवलं आणि मी खिडकीची काच खाली केली.

कळमेश्वरच्या अलीकडे समोरून ॲम्ब्युलन्स आली. सायरन वाजवत, भरधाव, नागपूरकडे. निखिलने गाडी एकदम रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकवलं.

“मॅडम, मले नाही जमत आता,” तो म्हणाला. “तोच असंल.”

मी म्हटलं, “उतर. मी चालवते.” मला काय जमत होतं!  पण दोघांनी तिथे बसून राहण्यात अर्थ नव्हता. ती गाडी कोणाची होती हे मला आजही माहीत नाही. कोणाची तरी होतीच, पण त्या दिवशी मी त्या अनोळखी माणसासाठी मनातल्या मनातसुद्धा काही मागितलं नाही. फक्त तो प्रल्हाद नसू दे एवढंच म्हणत होते.

प्लँटच्या गेटवर कोणी नव्हतं. आम्ही तशीच गाडी आत घातली. टाक्यांच्या शेडखाली पंधरावीस माणसं गोळा झाली होती. खाली सगळीकडे पाणी होतं, त्याचा उग्र वास डोळ्यांना झोंबत होता. मध्ये एका क्रेटवर नारनवरेभाऊ बसले होते. त्यांचे दोन्ही तळहात ओल्या फडक्यात गुंडाळलेले होते आणि ते मान खाली घालून हमसून हमसून रडत होते. मला वाटलं संपलं. 

तेवढ्यात त्यांच्या मागे उभा असलेला माणूस वळला, तर तो प्रल्हाद. डोक्यावर टोपी नाही, एक गाल लाल झालेला, पण सगळाच्या सगळा उभा. मी तिथेच एका पाइपावर टेकले. निखिल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, तो बराच वेळ वळला नाही.

मग हळूहळू कळलं ते असं. नारनवरेभाऊंनी नेहमीसारखं टाईप केलं, एंटर मारला आणि खिडकीकडे न पाहता पान्हा घेऊन उठले. शेडपर्यंत पोचायच्या आत त्यांना पाणी सुटल्याचा आवाज आला. “मले वाटलं दुसऱ्या टाकीचं असंल,” ते म्हणाले. “मी तर अजून ‘ह’ दाबलाच नोता ना, मॅडम.” मग तिसऱ्या टाकीच्या झाकणातून वाफ येताना दिसली. ते धावले, पान्ह्याने टाकी बडवली, हाका मारल्या. उत्तर नाही. वरचा व्हॉल्व्ह हाताने फिरवून बंद केला, तो तापलेला होता, तळहात भाजले ते तिथेच. वाफ जरा ओसरल्यावर आत डोकावले तर खाली उकळत्या पाण्यात प्रल्हादची टोपी तरंगत होती आणि त्याचं खरवडायचं पातं तळाला पडलेलं दिसत होतं.

“मी मारलं ना त्याले,” नारनवरेभाऊ म्हणाले. “मले तेव्हा पक्कं वाटलं, का मी मारलं त्याले.”

आणि प्रल्हाद होता कुठे? बॉयलरच्या मागे. आत खरवडता खरवडता त्याला खर्ऱ्याची तलफ आली. नागपूरकडच्या माणसाला खर्रा म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकवर घोटून केलेला ऐवज. रसाच्या टाकीत थुंकता येत नाही, आणि प्लँटमध्ये खर्ऱ्याला बंदी. म्हणून हा टोपी आणि पातं आतच ठेवून, दोर धरून वर चढला आणि बॉयलरच्या आड जाऊन पुडी सोडून बसला. आरडाओरडा ऐकून तोंडात खर्रा तसाच ठेवून आला, गर्दीत मागून डोकावून विचारलं, “काय झालं गा?” नारनवरेभाऊंनी वळून पाहिलं आणि त्या भाजलेल्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. मग खाली बसले ते उठलेच नाहीत.

मॅनेजर आले. पहिली गोष्ट त्यांनी काय ठरवली, तर प्रल्हादला मेमो द्यायचा, प्लँटमध्ये खर्रा खाल्ल्याबद्दल. मी घरात खर्ऱ्याच्या पुडीला हात लावू देत नाही, माझ्या दिरांना त्यावरून चारचौघांत बोललेली आहे. त्या दिवशी मात्र मी खर्ऱ्याच्या बाजूने अशी भांडले, की निखिल मला आवरायला आला. मेमो निघाला नाही. स्विचची तार मी माझ्या हाताने सोडवली, पण आतला स्विच गंजून गेला होता आणि तसा दुसरा मिळायला वेळ लागणार होता.

प्रोग्राम दुरुस्त करायला काहीच लागलं नाही. सरावासाठी ‘धू’ची वेगळी प्रत काढायची, प्रश्न त्या प्रतीचा बंद करायचा, मूळ कमांडला हात लावायचा नाही. निखिलने ते पॅनलरूममध्ये बसून केलं. मी मागे उभी राहून एकेक अक्षर वाचलं. तिन्ही गटांत चालवून पाहिलं. संत्रा विचारत होतं, मोसंबी विचारत होतं, सराव विचारत नव्हता. ‘विचारलं का’ हे तपासणारी चाचणीही लिहिली. मॅनेजर खूश झाले. म्हणाले, “झालं ना मग? उद्या टाकी करून घेऊ. रस घ्यायचा आहे.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. नारनवरेभाऊ रजेवर होते, त्यांच्या जागी दुसरा ऑपरेटर. प्रल्हाद नवी टोपी घालून तिसऱ्या टाकीपाशी उभा होता, दोर हातात धरून. उतरत नव्हता. मॅनेजर त्याला समजावत होते, की मॅडमनी सगळं नीट केलं आहे, आता मशीन विचारल्याशिवाय सुरू होत नाही.

प्रल्हाद म्हणाला, “विचारते, पण त्याले विचारते, पॅनलवाल्याले. मी अंदर हावो, तर मले काहून नाही विचारत?”

 मग तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही, रागही नव्हता, नुसता घाबरलेला होता. “तुमी सांगा, मॅडम. तुमी बनवलं ना ते. जाऊ का मी अंदर?”

मी सगळं तपासलं होतं. तीनदा तपासलं होतं. ‘जा’ म्हणायला काही हरकत नव्हती, आणि तोंडातून ते निघेना. आदल्या दिवशी दुपारपर्यंत मला विचारलं असतं तर मी छातीठोकपणे ‘जा’ म्हटलं असतं, आणि तो गेला असता.

“नको जाऊ,” मी म्हटलं.

मॅनेजर माझ्यावर भडकले. सीझन आहे, गाड्या उभ्या आहेत, फळ सडेल, तुमच्या कंपनीला कळवतो, वगैरे. कळवलंही. आमचे साहेब मला म्हणाले, गिऱ्हाइकासमोर आपल्याच मालाला नाही म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाहतो. मी म्हटलं, पाहून घ्या. तिसरी टाकी तशीच राहिली आणि फळं सडली, हे खरं आहे.

उपाय निघाला तो कॉम्प्युटरबाहेरचा. व्हॉल्व्हच्या दांड्याला भोक पाडलं, त्यात कुलूप. आत उतरणाऱ्याने आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात घेऊन उतरायचं. मग वर कोणी ‘धू’ म्हणो, ‘ह’ म्हणो, निखिल म्हणो की मी म्हणो, पाणी सुटणार नाही. मोठ्या कारखान्यांत हे असतंच, मलाही माहीत होतं. आमच्या कामात ते येत नाही म्हणून मी कधी त्यांना ‘तुमच्याकडे काहून नाही’ असं विचारलं नव्हतं. नारनवरेभाऊ हात बरे झाल्यावर परत आले, पण पॅनलवर बसले नाहीत. त्यांनी पॅकिंगला बदली मागून घेतली. मी त्यांना म्हटलं, “भाऊ, तुमची काही चूक नव्हती.” ते म्हणाले, “हाव, मॅडम. मले मालूम आहे. पन ते टोपी दिसते.”

कुलूप लागल्यावर प्रल्हाद पहिल्यांदा आत उतरणार होता, त्या दिवशी मला कोणी बोलावलं नव्हतं, मी आपली गेले. त्याने कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली पँटच्या आतल्या खिशात घातली, वरून हात फिरवला आणि दोर धरून खाली गेला. मी झाकणापाशी उभी राहिले. पॅनलरूममधला ऑपरेटर माझ्या सांगण्यावरून बाहेर येऊन माझ्या नजरेसमोर उभा होता, त्याच्या हातात चहाचा कप होता, म्हणजे त्याचे हात कशात आहेत ते मला दिसत होतं. आतून खरवडण्याचा आवाज येत होता. तो आवाज चालू असला की ठीक. मध्येच थांबला की मी वाकून हाक मारायचे, “प्रल्हाद?”

“हाव मॅडम, हाय.”

थोड्या वेळाने पुन्हा थांबायचा. मी पुन्हा, “प्रल्हाद?”

“हाय, मॅडम.”

असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी तो आतून वैतागला. त्याचा आवाज टाकीत घुमून वर आला, “मॅडम, काम करू देता का नाई?”

मी म्हटलं, “कर बाबा, कर.” आणि खरवडणं थांबलं की हाक मारत राहिले, तो वर येईपर्यंत.